पहिलं पान

अकरा सेकंद लागले. मी काही मोजायला बसलो नव्हतो, पडद्यावर खाली तसं लिहूनच आलं. चहा ओठाला लावायच्या आत काम उरकून मोकळं. समोरच्या टेबलावर जगन्नाथ सरांनी फूटपट्टी एक ओळ खाली सरकवली, कागद डोळ्यांपासून वीतभर लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि बॉलपेननं शेजारी काहीतरी लिहिलं. तेच काम. माझ्या मशीनवर आत्ता अकरा सेकंदांत झालं ते सर गुरुवार सकाळपासून करत होते आणि शनिवार दुपारपर्यंत करणार होते. मी चहा खाली ठेवला. आनंद झाला म्हणणं खोटं होईल, वाईट वाटलं म्हणणं त्याहून खोटं. सरांनी वर बघितलं आणि म्हणाले, "चहा गार करून राह्यला का रे?" मी म्हणालो, पितो सर. आणि प्यालो.

आमचं काम माहीत नसलेल्याला समजावून सांगावं लागतं, आणि मला त्याचा भारी कंटाळा आहे. दवाखान्यात वेटिंगला टीव्ही असतो, त्यावर येतं, आता नंबर सतरा, पुढचा अठरा. तो नंबर आमचा. जालना जिल्ह्यातल्या एकेचाळीस दवाखान्यांत, अंबडपासून टेंभुर्णीपर्यंत, माणसं पोर मांडीवर घेऊन आमच्या नंबरकडे बघत बसतात. कंपनी अण्णासाहेबांची, जालन्याच्या मस्तगडात, भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या. अण्णासाहेब आधी बियाण्यांचे डीलर होते आणि त्यांची बोलायची रीत अजून तीच आहे. काहीही सांगायला गेलं की म्हणतात, "उगवलं का न्हाई ते सांग, पुराण नको." तर हा नंबर दाखवणारा प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये आहे. ती भाषा दरवर्षी नवी होते, आणि मी आणि जान्हवी ती नवीच लिहितो, कारण जुनी लिहायची आम्हाला लाज वाटते. डॉक्टरांचे टीव्ही मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीचे. त्यांच्या आतला ब्राउझर तेव्हा जेवढं शिकून आला तेवढंच त्याला येतं. नवं काही समोर आलं की तो अडतो, आणि अडला की भांडत नाही, काय झालं सांगत नाही, सरळ पांढरा पडतो. म्हणून दर आठवड्याला आमचा नवा कोड जुन्या पद्धतीत उतरवून द्यावा लागतो. नऊ वर्षं ते काम जगन्नाथ सर हातानं करत आले. पाठकोऱ्या कागदावर प्रिंट काढायची, फूटपट्टी लावायची, ओळीशेजारी ओळ लिहायची, मग सगळं टाइप करायचं, मग भिंतीवरच्या आमच्या जुन्या टीव्हीवर लावून बघायचं. आणि हेच काम आपोआप करून देणारी अवजारं जगात कधीची आहेत, फुकट मिळतात, हे मला पुण्याहून इथं आलो त्या दिवसापासून ठाऊक होतं. सहा वर्षं मी तोंड उघडलं नाही. उपकार म्हणून नाही. असा एखादा हुकमाचा पत्ता खिशात असला की माणसाशी नीट वागता येतं, एवढंच.

मग तो पत्ता त्या शुक्रवारीच का काढला, असं कल्याणी मला नंतर विचारेल, असं मला वाटत होतं. कल्याणी माझी बायको. तिनं विचारलं नाही, कारण मी तिला काही सांगितलंच नाही. कारण सांगायचं तर अगदीच क्षुल्लक होतं. सकाळी सर माझा कोड वाचत असताना थांबले आणि जान्हवीच्या देखत म्हणाले, "अवधूत, हे असं कशापायी लिहिलं? स्वतःला समजलंय का आधी? समजून लिहीत जा बाबा." जान्हवी हसली. तेवीस वर्षांची पोरगी, कालपरवा लागलेली, ती ओठ मुडपून हसली आणि लगेच पडद्याकडे बघायला लागली. मी सदतीस वर्षांचा, टीमचा हेड, घरी दोन पोरं, आणि माझे कान असे तापले की मलाच त्यांचा राग आला. सरांना ते कळलंही नाही. ते आपले पुढच्या ओळीवर गेले. त्यांचं हेच मला कधी सहन झालं नाही, की ते बोलून जातात आणि पुढच्या ओळीवर जातात.

दोन हजार चारमध्येही असंच झालं होतं. ह्याच मस्तगडात सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, चार कॉम्प्युटर आणि आम्ही बत्तीस जण. म्हणून प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, तोही पेन्सिलनं, म्हणजे वही पुसून पुन्हा वापरता येते. सरांनी तपासला आणि बरोबर निघाला तरच कॉम्प्युटरला हात लावायचा. मी टेंभुर्णीहून पहाटेच्या गाडीनं यायचो, झोप डोळ्यांवर, आणि माझा प्रोग्रॅम काही केल्या बरोबर निघायचा नाही. एके दिवशी सरांनी माझी वही वाचली, मिटली. रागावले नाहीत. रागावले असते तर मी आज ही गोष्ट विसरलो असतो. अगदी साध्या आवाजात, पंखा बंद करायला सांगावं तसं म्हणाले, "ह्याच्या डोक्यात काही उतरत न्हाई. ह्याला पुसायला ठेवा." आणि महिनाभर मी एकतीस जणांच्या वह्या पुसल्या. मागच्या बाकावर बसून, खोडरबर घेऊन. पॅन्टवर रबराचा चुरा पडायचा, तो एसटीत बसल्यावर मी झटकायचो, शेजारचा माणूस बघायचा. विमल नावाची एक मुलगी अंबडहून यायची. तिच्याशी बोलायला मला वर्षभर धीर झाला नव्हता, आणि ती पहिलं वाक्य माझ्याशी बोलली ते असं, वही पुढं करून, "हळू पूस हां, कागद फाटतो." मी हळू पुसली. पुसायच्या आधी वाचली. सगळ्यांच्याच वाचायचो, दुसरं करायला होतं काय. एकतीस जणांचे प्रोग्रॅम, बरोबर आलेले, चुकलेले, एकाच गणिताच्या एकतीस वाटा. महिन्यानं सरांनी मला परत लिहायला बसवलं आणि माझं कधी चुकलं नाही. कल्याणी म्हणते, "मंग त्यांनी मुद्दामच पुसायला ठेवलं असंल तुम्हाला. शिकवायची रीत असंल ती त्यांची." कल्याणीला सगळ्यांचं चांगलंच दिसतं. मी तिला म्हणालो, मुद्दाम केलं असतं तर माणूस नंतर एकदा तरी बोलला असता. एक शब्द. वीस वर्षांत एक शब्द नाही. मी कंपनीत लागलो त्या दिवशी सरांनी अण्णासाहेबांना अभिमानानं सांगितलं, "आपल्याच हातचा पोरगा हाय," आणि मी मान खाली घालून हसलो आणि मनात म्हणालो, थांबा.

शुक्रवारी दुपारभर मी दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावून बघत बसलो. अवजारानं केलेली आणि सरांची मागच्या आठवड्याची. एखाद्याचं घर तो नसताना बघावं तशी चोरटी मजा होती त्यात. ओळीमागून ओळ सारखीच. सर तीन दिवस डोळे फोडून जे करतात ते त्या अवजारानं तसंच्या तसं केलं होतं, उलट जरा जास्त टापटीप. फरक एकच. सरांच्या प्रत्येक फाइलीला सुरुवातीला एक पान जास्तीचं असायचं, सत्तर-ऐंशी ओळींचं, नऊ वर्षं तेच, आणि त्याच्या डोक्यावर त्यांनी लिहिलेलं असायचं, आधी हे शिकवा. मी कधीतरी विचारलं होतं, सर, हे ओझं कशाला? तर म्हणाले होते, "जुन्या माणसाला नुसतं हळू बोलून भागत न्हाई रे. त्याला जे येतच न्हाई ते आधी शिकवावं लागतं, मंग कामाला लावायचं." तेव्हाही मला वाटलं होतं, झालं ह्यांचं प्रवचन सुरू. आता वाटलं, हे म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या पिशवीसारखं आहे, आत काय आहे ते त्यालाही आठवत नाही, पण टाकवत नाही. अवजाराच्या फाइलीत ते पान नव्हतं आणि त्यावाचून काही अडलेलं दिसत नव्हतं. मी ते सोडून दिलं. मला माहीतच नव्हतं असं नाही. अवजार नुसती लिहिण्याची पद्धत बदलतं, टीव्हीला जी कामं येतच नाहीत ती त्याच्यात घालत नाही, हे कुठंतरी वाचलेलं होतं. पण वाचलेलं असणं आणि आठवून घ्यायची तयारी असणं ह्यात फार अंतर असतं, निदान राग आलेल्या माणसाच्या बाबतीत.

सरांचं काय होईल ह्याचा विचार मी केला नव्हता असं म्हणायची सोय नाही. नीट केला होता. दोन महिन्यांपूर्वी सरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्याकडून एक कंस टाकायचा राहिला. परतूरच्या एका दवाखान्याचा टीव्ही अर्धा तास बंद पडला. कुणाला कळलंही नसतं. सर स्वतः अण्णासाहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, माझ्या हातून झालं. अण्णासाहेब वाईट माणूस नाही, पण बियाण्याचा माणूस आहे. म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल बिलकुल तक्रार न्हाई. पण अजून एकदा असं झालं तर मंग थांबू आपण." तेव्हापासून सर प्रत्येक पान दोनदा तपासायचे. एकदा जिन्यात माझ्या खांद्याला धरून उतरताना म्हणाले, "हे काम गेलं तर मी घरी करू काय रे? तुझी उषाकाकू म्हणती देवळात जाऊन बसत जा. देवाशी काय बोलावं तेच सुचत न्हाई मला." मी म्हणालो, असं कसं जाईल सर. त्यांच्या हाताचं वजन माझ्या खांद्यावर होतं आणि ते मला आवडत होतं, हेही सांगून टाकतो.

शनिवारी एक वाजता सरांनी आपली फाइल पुरी केली. भिंतीवरच्या टीव्हीवर लावून बघितली, नंबर एकापासून वीसपर्यंत पळवून बघितले, मान हलवली आणि फाइल ठरलेल्या जागी ठेवली. ती फाइल त्यांच्याच मशीनवरून, त्यांच्याच नावानं, रविवारी आपोआप एकेचाळीस ठिकाणी जायची. दोन वाजता ते डोळे दाखवायला गेले. जान्हवी जेवायला गेली होती. मी सरांच्या खुर्चीत बसलो. गादी त्यांच्या अंगाच्या आकाराची झाली होती, त्यामुळं मला नीट बसताच येईना. पासवर्ड सगळ्या कंपनीला ठाऊक होता, बायकोचं नाव आणि लग्नाचं साल. मी त्यांची फाइल काढली आणि माझी अकरा सेकंदांची ठेवली. बेत असा होता की सोमवारी दहा वाजता, सगळे टीव्ही झकास चालू असताना, सगळ्यांच्या देखत अण्णासाहेबांना बोलवायचं आणि साध्या आवाजात म्हणायचं, सर, ह्या आठवड्यात तुमचं लावलंच नव्हतं. वाक्य मी गाडीवर जाता-येता घासून ठेवलं होतं. त्यात आवाज चढवायचा नव्हता, हे सगळ्यात महत्त्वाचं. चालतंय का म्हणून मी ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लावून बघितलं, चाललं. तो कॉम्प्युटर जुना असला तरी त्याच्यातला ब्राउझर टीव्हीइतका जुना नव्हता, हे मला कळत होतं. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सरांच्या टेबलावर ठेवलेला होता, माझ्या हाताच्या अंतरावर. दोन मिनिटांचं काम. सर कायम सांगायचे, आधी टीव्हीवर बघ, मंग बोल. म्हणूनच मी तो उचलला नाही. उचलला असता तर त्यांचं ऐकल्यासारखं झालं असतं.

सोमवारी साडेनऊला पहिला फोन अंबडहून आला, लहान मुलांच्या दवाखान्यातल्या नंदाबाईंचा. त्या तिथं नंबर देतात. "अवधूतभाऊ, टीव्ही पांढरा झालाय सगळा. कायबी दिसंना." मी म्हणालो, बंद करून चालू करा. "दोनदा केला. माणसं माझ्या अंगावर येऊन राह्यली. कुणाचा नंबर कितवा ते कुणालाच कळंना." मग टेंभुर्णीचा फोन, मग भोकरदन, मग दोन फोन एकदम. पावणेदहापर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस पांढरे. जान्हवीचा फोन वाजत होता, अण्णासाहेबांचा वाजत होता, आणि अंबडचा परत आला तेव्हा नंदाबाई रडत होत्या. कुणीतरी पुढं घुसायला त्यांना ढकललं होतं, दाराच्या कडीवर हात आपटून बांगडी फुटली होती आणि काच मनगटात शिरली होती. "तुमच्या टीव्हीपायी माझ्या हाताला टाके पडायची वेळ आली," म्हणाल्या. मी ऐकून घेतलं आणि मनात पहिला विचार आला तो नंदाबाईंच्या मनगटाचा नव्हता. पहिला विचार आला की अजून कुणाला माहीत नाही.

अण्णासाहेब दारात उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता. "फाइल कुणाची गेली?" जान्हवीनं बघितलं, माझ्याकडे नाही, सरांकडेही नाही, पडद्याकडे बघूनच म्हणाली, "सरांच्या नावानं गेलीय." सर उभे राहिले. त्यांच्या हातात फूटपट्टी तशीच होती. म्हणाले, "मी तर लावून बघितलं व्हतं शनिवारी. चाललं व्हतं बराबर." मग त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं म्हटलं, "बघितलं व्हतं ना? का मागच्या आठवड्याचंच लावून बघितलं मी?" आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण एक वाजता मी खोलीत होतो, मी त्यांना नंबर पळवताना बघितलं होतं. त्यांना माझ्याकडून फक्त एक शब्द पाहिजे होता, हो. तेवढाही खरं सांगायला पुरला असता. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, सर." अण्णासाहेब म्हणाले, "अवधूत, ते मरू दे, आधी चालू कर. जल्दी."

काय चुकलं ते मला फोन चालू असतानाच कळलं होतं. आमच्या नव्या कोडमध्ये यादीतून पाहिजे तो पेशंट शोधून काढायचं एक काम आम्ही ब्राउझरवर सोडलेलं असतं, कारण आजकालच्या ब्राउझरला ते उपजतच येतं. त्या टीव्हींना येत नाही. सर त्यांना दर आठवड्याला पहिल्या पानावर ते शिकवायचे, मग कामाला लावायचे. मी सरांचं पहिलं पान उचललं आणि माझ्या फाइलीच्या डोक्यावर ठेवलं. "आधी हे शिकवा" ही ओळ तेवढी पुसली. ह्या वेळी आधी भिंतीवरच्या टीव्हीवर लावलं. नंबर आला. एक, दोन, तीन. फाइल त्याच जागी, त्याच नावानं ठेवली, पाठवली. सगळं मिळून नऊ मिनिटं. टेंभुर्णीहून फोन आला, चालू झालं. भोकरदन, चालू झालं. अंबडहून नंदाबाईंच्या जागी दुसरंच कुणीतरी बोललं, चालू झालं, बाईंना दोन टाके पडले. अण्णासाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू व्हता म्हणून." मग विचारलं, "काय झाल्तं?"

इथं मी थांबलो होतो. कितीही नाकारलं तरी थांबलो होतो, दोन-तीन सेकंद तरी. खरं वाक्य तोंडात तयार होतं, तेही छोटंच होतं. मी फाइल बदलली होती. सर खिडकीपाशी उभे होते, पाठीमागून उजेड येत होता म्हणून त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि ते रुमालानं टिपत होते. मला त्यांची दया आली. आणि दया आली ह्याचाच मला इतका राग आला की काय सांगू. ह्या माणसाची दया करायची वेळ आली तेव्हाही वाईट मीच ठरायचं का? तेव्हाही मीच मान खाली घालायची? खरं बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं की अवधूतनं चोरून फाइल बदलली, तीही चुकीची, आणि वाचवली ती सरांच्या पानानं. जान्हवी पुन्हा तशीच हसली असती. मी म्हणालो, "सरांच्या फाइलीत थोडं राहून गेलं होतं. मी दुरुस्त केलं." आवाज अगदी साधा निघाला. घासून ठेवलेला आवाज वाया गेला नाही.

अण्णासाहेब सरांना आत घेऊन गेले. दार लावलं नाही, त्यामुळं आम्हाला ऐकू आलं. "सर, महिना पुरा व्हायची वाट नको बघायला. आराम करा आता." सर म्हणाले, "हो, बराबर हाय. तुम्ही बोलल्ता आधीच." एवढंच. मला वाटलं होतं ते काहीतरी मागतील, एखादा आठवडा, एखादी शेवटची संधी. ते बाहेर आले तेव्हा माझ्यापाशी थांबले आणि दोन्ही हात जोडले. मला. "आज तू व्हता म्हणून अब्रू ऱ्हायली बाबा. त्या बाईचा हात जास्त कापला का रे?" मी म्हणालो, दोन टाके पडले. ते म्हणाले, "मी जाऊन येतो अंबडला. माफी मागून येतो." मी म्हणालो, कशाला सर, मी बोलतो त्यांच्याशी. खरोखर बोललोही नंतर. नंदाबाई म्हणाल्या, चालतंय, म्हाताऱ्या माणसाच्या हातून होतं.

मला वाटलं सर घरी जातील. जान्हवी जेवायला गेली, अण्णासाहेब बँकेत गेले, आणि सर आपल्या टेबलावर बसून राहिले. शनिवारचे सगळे कागद त्यांनी समोर मांडले आणि पहिल्या ओळीला फूटपट्टी लावली. मी माझं काम करत होतो, म्हणजे करत नव्हतो, फूटपट्टी सरकल्याचा आवाज ऐकत होतो. एक तास, दीड तास. शेवटचं पान झालं की पुन्हा पहिलं. चारच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली. "अवधूत, इकडं ये जरा. मला चूक सापडून न्हाई राह्यली. दोन डाव बघितलं. तू दुरुस्त केलं ना, मंग दाखव कुठं व्हती." मी म्हणालो, जाऊ द्या ना सर आता. ते म्हणाले, "जाऊ कसं देऊ? माणसाला निदान ठाऊक तर पाहिजे आपलं काय चुकलं ते. न्हाईतर घरी जाऊन बसलो तरी हेच डोक्यात चालू ऱ्हाईल."

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. कागदावर बॉलपेननं लिहिलेल्या ओळी, बारीक, सरळ, कुठं खाडाखोड नाही. मी खरोखर शोधत होतो. एखादा कंस राहिलेला असता, एखादा स्वल्पविराम, तर मी त्यावर बोट ठेवलं असतं आणि सुटलो असतो, तेही सुटले असते. सगळं वाचलं. वह्या पुसायचो तेव्हा वाचायचो तसं, एकेक अक्षर. एकही चूक नव्हती. सर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, पेन उघडून, खूण करायला तयार. मग मी पानं उलटून पहिल्या पानावर आलो आणि त्याच्यावर बोट ठेवलं. म्हणालो, "हे, सर. ह्या पानामुळं झालं. ह्याचा टीव्हीवर भार पडतो. मी हे काढलं आणि चालू झालं."

ते खूप वेळ त्या पानाकडे बघत राहिले. वाचत नव्हते, त्यांना ते पाठच होतं. मग म्हणाले, "पण नऊ वर्सं चाललं की रे हे." मी म्हणालो, "चालून गेलं, सर. कुणी बघितलं नाही म्हणून." त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. पेनचं टोपण लावलं. "बराबर हाय. तू नवीन शिकलेला हाईस, तुला समजतं." मग थोड्या वेळानं, कागद गोळा करता करता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "क्लासातबी मी तुम्हाला हेच सांगायचो ना, की आधी शिकवायचं, मंग कामाला लावायचं. मंग तुलाबी उलटंच शिकवलं म्हणायचं मी?" मी काही बोललो नाही. न बोलणं पुरेसं होतं. सर उठले, खुर्ची टेबलाखाली सरकवली, माझ्या दंडाला धरून म्हणाले, "मनावर घेऊ नको बाबा. मला वाटायचं मी बराबर शिकवून राह्यलो. चुकलं माझं. तुझं मी नुकसान केलं." वीस वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघितली होती, आणि आता ते माझ्या दंडाला धरून उभं होतं, खरं वाटावं इतक्या साध्या आवाजात.

मी म्हणालो, "असू द्या, सर. झालं गेलं." आणि त्यांना जिना उतरवून द्यायला गेलो.